५०० लावले, ४०० परत आले: क्लस्टरवरच्या साथीच्या सिम्युलेशनचं समस्या निवारण

लक्षण असं. साथीचं मॉडेल लॅपटॉपवर पंढरपूर शहरापुरतं नीट चालतं. तेच सोलापूर जिल्ह्याची पूर्ण लोकसंख्या घालून रात्री क्लस्टरवर ५०० वेळा लावलं, की सकाळी फोल्डरमध्ये ४०० फाइली सापडतात. मग ४०० ची सरासरी काढली जाते, आलेख अहवालात जातो, आणि पुढच्या वेळी पुन्हा शंभरेक गळतात. क्लस्टरच्या नावाने बोटं मोडून झाली की तेवढेच नवे १०० लावून भरती केली जाते. ही भरतीच सगळ्यात घातक आहे.

खालचं सगळं स्लर्म या शेड्यूलरला, म्हणजे क्लस्टरच्या जोडलेल्या यंत्रांवर कुणाचं काम कधी आणि कुठे चालेल ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला, धरून आहे. राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मिशनमधली पुण्याच्या आयसरची परम ब्रह्म आणि तिच्यासारख्या यंत्रणा त्याच्यावरच चालतात. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी लिपीत आणि लहान अक्षरांत द्यायची.

गळालेले १०० कुठले होते?

आधी शब्द पक्के करू, कारण निम्मा घोटाळा तिथेच होतो. मॉडेलची एक पूर्ण धाव म्हणजे रेप्लिकेट. ‘लसीकरण केलं’ आणि ‘केलं नाही’ हे दोन सिनॅरिओ, प्रत्येकाचे समजा ५०० रेप्लिकेट. शेड्यूलरकडे एका एसबॅचने (काम लावायची आज्ञा) जे सोपवतो तो जॉब. एकाच स्क्रिप्टच्या ५०० प्रती एका जॉबखाली लावल्या तर तो जॉब अ‍ॅरे, आणि त्यातल्या प्रत्येक प्रतीला स्वतःचा अ‍ॅरे टास्क आयडी मिळतो. शेड्यूलरला रेप्लिकेट म्हणजे काय ते माहीत नसतं. टास्क क्रमांक आणि रेप्लिकेट यांची सांगड तुमच्या स्क्रिप्टनेच घालायची असते.

आता आकडे बघा. एका रुग्णापासून सुरुवात, आर-नॉट (एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो तो आकडा) २, संसर्गाचा काळ घातांकी वितरणाचा. अशा यादृच्छिक मॉडेलमध्ये साथ आपोआप विझण्याची शक्यता १ भागिले आर-नॉट, म्हणजे निम्मी. ५०० पैकी २५० च्या आसपास रेप्लिकेट थोड्याच रुग्णांत विझतात आणि काही मिनिटांत संपतात. उरलेले २५० मात्र पसरतात, सुमारे ८० टक्के लोकांना गाठतात, आणि त्यांना तास लागतात, मेमरीही लागते. वेळेची किंवा मेमरीची मर्यादा ओलांडतात ते फक्त हेच. म्हणजे तुमच्या हातातल्या ४०० मध्ये २५० विझलेल्या आणि १५० च मोठ्या साथी आहेत. खरी सरासरी ४० टक्के बाधित, तुमची निघते ३०. (अशा दोन उंचवट्यांच्या वितरणाची सरासरी काढावी का, हा वेगळा वाद आहे. विझलेल्या आणि पेटलेल्या साथी वेगळ्या दाखवणं बरं.)

आता १०० नवे सीड (यादृच्छिक संख्यांची मालिका ठरवणारे सुरुवातीचे आकडे) घेऊन भरती केली तर त्यातले निम्मे पुन्हा विझणारेच येतात, आणि जे पेटतात ते त्याच मर्यादेवर पुन्हा गळतात. म्हणून मेलेले टास्क त्याच सीडने, फक्त जास्त वेळ आणि मेमरी देऊन परत लावायचे. एसबॅचला अ‍ॅरेच्या जागी त्यांचे क्रमांक स्वल्पविरामाने तोडून देता येतात: १७,४२,९३ असे. ५०० च्या ५०० पूर्ण होईपर्यंत एकही आकडा अहवालात जाऊ द्यायचा नाही.

मृत्यूचं कारण कसं वाचायचं

जॉब क्रमांक देऊन एसअ‍ॅक्ट (संपलेल्या जॉबची नोंद दाखवणारी आज्ञा) चालवा आणि चार रकाने मागा: स्टेट, एक्झिटकोड, इलॅप्स्ड (लागलेली वेळ), मॅक्सआरएसएस (वापरलेली कमाल मेमरी). स्टेटमध्ये टाइमआउट दिसलं तर मागितलेली वेळ संपली. आउट ऑफ मेमरी दिसलं तर मेमरी संपली. नुसतं फेल्ड असेल तर एक्झिट कोड बघा. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, प्रक्रियेला ९ क्रमांकाचा किल सिग्नल मिळाला, आणि असं झालं की पहिला संशय मेमरीवरच घ्यायचा. १ असेल तर बहुधा तुमच्या कोडनेच चूक सांगून मान टाकली आहे, लॉगच्या शेवटच्या ओळी वाचा. नोडफेल म्हणजे नोड, अर्थात क्लस्टरमधलं ते यंत्रच बसलं. त्यात तुमचा दोष नाही, तसंच परत लावा.

मॅक्सआरएसएस जॉबच्या मुख्य ओळीत रिकामा दिसतो. तो आकडा खाली ‘.बॅच’ शेपटी असलेल्या ओळीत असतो. शिवाय हा आकडा ठरावीक अंतराने टिपलेला असतो, मूळ सेटिंग ३० सेकंदांचं. दोन सेकंदांत मेमरी फुगली आणि जॉब मेला, तर ४ जीबीच वापरले असं दिसूनही कारण मेमरीच असू शकतं.

लॉगच तयार झाला नाही, जॉब सेकंदात मेला? आउटपुटसाठी लिहिलेलं फोल्डर अस्तित्वात नसतं तेव्हा असं होतं. स्लर्म ते स्वतः बनवत नाही. एसबॅचच्या आधी बनवून ठेवा.

मेमरी

सगळ्यात जास्त जॉब इथे जातात. अंदाज बोटांवर काढता येतो, तो काढायचा कंटाळा करू नका.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६. एजंट-आधारित मॉडेलमध्ये प्रत्येक माणूस वेगळा ठेवला आणि प्रत्येकी सरासरी १५ संपर्क धरले, तर सुमारे ६.५ कोटी जोड्या होतात. प्रत्येक जोडीला ४ बाइटचे दोन पूर्णांक लागतात, म्हणजे अर्ध्या जीबीत काम होतं. पण त्याच जोड्या पायथनच्या यादीत टपल म्हणून ठेवल्या तर टपलचे ५६ बाइट आणि यादीतल्या पॉइंटरचे ८ धरून ४ जीबी उडाले, आतल्या संख्यांची जागा वेगळी. नमपाय या पायथनच्या लायब्ररीच्या ३२-बिटी अ‍ॅरेत ठेवा, प्रश्न मिटतो.

दुसरी गळती इतिहासाची. प्रत्येक माणसाची प्रत्येक दिवसाची स्थिती १८० दिवस साठवली तर ७७.७ कोटी नोंदी. एक बाइटमध्ये बसवल्या तर पाऊण जीबीच्या थोडं वर, आर या सांख्यिकीच्या भाषेतल्या पूर्णांकात ३.१ जीबी, दशांश संख्येत ६.२ जीबी. आर मध्येच कुठेतरी त्या तक्त्याची प्रत काढतं आणि क्षणभर दुप्पट लागते. बहुतेकदा हा इतिहास कुणी वाचतही नाही. ११ तालुके, आजाराच्या स्थितीचे चार कप्पे आणि १८० दिवस यांच्या रोजच्या बेरजा ठेवल्या तर ७,९२० आकडे होतात. तेवढे पुरतात.

तिसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याची. मॉडेलमध्ये आषाढी वारी असेल तर मेमरीचा कळस एकादशीच्या दिवशी येतो. समजा १० लाख वारकरी बाहेरून आले असं गृहीत धरलं आणि गर्दीत प्रत्येकी ४० संपर्क दिले, तर माणसं पाव हिश्श्याहून कमीच वाढली, पण जोड्या ४ कोटींनी, म्हणजे ६० टक्क्यांवर वाढल्या. त्यातही कोड जुन्या तक्त्याला नवा जोडून नवीनच तक्ता बनवत असेल, तर जुना आणि नवा दोन्ही एकाच वेळी मेमरीत असतात. चाचणी म्हणून पहिले ३० दिवस चालवून ‘३ जीबी पुरतात’ असं ठरवणारे इथे फसतात. चाचणीची धाव एकादशी ओलांडून पुढे गेलेली हवी, आणि ज्या सीडला साथ पेटते त्याच सीडने घेतलेली हवी. विझलेल्या साथीची मेमरी मोजून उपयोग नाही. सोपा उपाय म्हणजे चाचणीपुरते सुरुवातीचे रुग्ण १ ऐवजी १० करा. विझण्याची शक्यता निम्म्याचा दहावा घात, हजारात एक उरते.

मोजलेल्या कळसावर २५ ते ३० टक्के वर धरून मागा. मागताना एकक लिहा. मेमच्या पुढे नुसतं १६ लिहिलं तर स्लर्म १६ एमबी समजतं आणि जॉब सुरू होताच मरतो. मेम म्हणजे प्रत्येक नोडमागे, मेम-पर-सीपीयू म्हणजे प्रोसेसरमधल्या प्रत्येक कोअरमागे. दुसऱ्यात १६ जीबी लिहून वर ८ कोअर मागितले तर १२८ जीबीची मागणी झाली. आणि १९२ जीबीच्या नोडवर पूर्ण १९२ मागू नका, काही भाग ऑपरेटिंग सिस्टिमसाठी राखलेला असतो. मागणी नाकारली जाते किंवा जॉब रांगेतून हलतच नाही.

वेळ

टाइमच्या ओळीत २:०० लिहिलं तर ते दोन तास नाहीत, दोन मिनिटं आहेत. दोन तासांसाठी २:००:००. नुसता १० म्हणजे १० मिनिटं. दीड दिवस हवा तर १-१२. ही एक ओळ तपासली की टाइमआउटच्या बऱ्याच तक्रारी मिटतात.

उरलेल्यांसाठी चेकपॉइंट. दर ठरावीक सिम्युलेशन-दिवसांनी मॉडेलची पूर्ण स्थिती फाइलमध्ये लिहायची आणि सुरुवातीला ती फाइल असेल तर तिथून पुढे चालायचं. यात दोन गोष्टी हमखास राहतात. पहिली, यादृच्छिक संख्याजनकाची स्थितीही साठवावी लागते, नाहीतर परत उठलेली धाव मूळ धावेपेक्षा वेगळी होते आणि ‘त्याच सीडने परत लावा’ याला अर्थ उरत नाही. आरमध्ये ती डॉट-रँडम-डॉट-सीड या चलात असते. दुसरी, चेकपॉइंट थेट जुन्या फाइलवर लिहायचा नाही. लिहिता लिहिता जॉब मेला तर जुनाही गेला आणि नवाही अर्धवट. तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाला की त्याच फोल्डरमध्ये नाव बदला. वेळ संपायच्या ३०० सेकंद आधी सिग्नल पाठवायला स्लर्मला सांगता येतं, पण तो पकडायचा कोड स्क्रिप्टमध्ये नसेल तर तो सिग्नलच जॉबला मारू शकतो.

विभागातल्या दोन-चार यंत्रांच्या छोट्या क्लस्टरला चेकपॉइंट जास्तच लागतो. वीज जाते, आणि एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा चाळिशीपार असताना एसी नीट नसेल तर प्रोसेसर स्वतःला थंड ठेवायला वेग कमी करतो. जानेवारीत तीन तासांत झालेली धाव मे मध्ये चारवर गेली तर आधी खोलीचं तापमान बघा, कोड नंतर.

कोअर, टास्क आणि नोड यांची गल्लत

नोड म्हणजे एक पूर्ण यंत्र, त्यात समजा ४८ कोअर. एनटास्क्स म्हणजे स्वतंत्र प्रक्रिया किती, सीपीयूज-पर-टास्क म्हणजे एका प्रक्रियेला कोअर किती. आरची एकच स्क्रिप्ट आतल्या आत ८ कोअर वापरणार असेल तर एनटास्क्स १ आणि सीपीयूज-पर-टास्क ८. उलट लिहिलं तर आठ कोअर वेगवेगळ्या नोडवर विखुरले जाऊ शकतात आणि तुमची स्क्रिप्ट पहिल्याच नोडवर बसून राहते.

आरमधलं डिटेक्ट-कोअर्स आणि पायथनमधलं ओएस सीपीयू-काउंट नोडवरचे सगळे कोअर मोजतात, तुम्हाला मिळालेले नाही. चार कोअर मागून ४८ प्रक्रिया उघडल्या की त्या चार कोअरवर रेटारेटी होते, मेमरीही ४८ पट मागितली जाते. संख्या नेहमी स्लर्मने दिलेल्या सीपीयूज-पर-टास्क या पर्यावरण चलातून घ्या.

साथीच्या मॉडेलसाठी मात्र सरळ सल्ला: आत समांतर काही करूच नका. एक रेप्लिकेट, एक कोअर, आणि अ‍ॅरे. ओएमपी-नम-थ्रेड्स १ करून ठेवा, कारण गणिताच्या लायब्ऱ्या न विचारता धागे उघडतात. एकाच वेळी ५० च चालावेत असं हवं तर अ‍ॅरेपुढे %५० लिहायचं. रेप्लिकेट ३ तासांचा धरला तर ५०० चे १,५०० कोअर-तास, ५० च्या दहा तुकड्यांत ३० तास. क्लस्टरवर वेळ मागायच्या अर्जात हाच हिशेब द्यावा लागतो.

सगळे पूर्ण, पण उत्तरं सारखी

ही तक्रार येतच नाही, कारण कुणाला कळत नाही. विश्वासार्हता पट्टा (कॉन्फिडन्स इंटरव्हल) अनपेक्षित अरुंद आला की आनंद होतो, तिथे शंका यायला हवी.

कारणं तीन. सी किंवा सी-प्लस-प्लसमध्ये सीड घड्याळाच्या सेकंदावरून घेतलेला असतो, आणि अ‍ॅरेतले ५० टास्क एकाच सेकंदात सुरू होतात. दुसरं, आरची धाव आर-कमांड-बॅचने लावली आणि फोल्डरमध्ये जुनं वर्कस्पेस साठवलेलं असेल, तर ते आपोआप उघडतं आणि त्यातला जुना सीडही जिवंत होतो, सगळ्या ५०० टास्कना तोच. आरस्क्रिप्ट वर्कस्पेस उघडत नाही, ते वापरा. तिसरं, पायथनमध्ये फोर्कने (चालू प्रक्रियेची प्रत काढून) मुलं, म्हणजे उप-प्रक्रिया काढल्या की नमपायच्या जागतिक जनकाची स्थिती जशीच्या तशी सगळ्यांत उतरते.

उपाय: एक मूळ सीड ठरवा आणि रेप्लिकेट क्रमांकावरून स्वतंत्र प्रवाह काढा. आरमध्ये लेक्युयेर-सीएमआरजी हा जनक निवडून नेक्स्ट-आरएनजी-स्ट्रीम, नमपायमध्ये सीड-सीक्वेन्स आणि त्याची स्पॉन-की. दोन सिनॅरिओंची तुलना असेल तर दोघांना मुद्दाम तेच सीड द्या, फरकातला गोंगाट बहुतेक वेळा कमी होतो. म्हणजे ० ते ९९९ असे टास्क लावून, क्रमांकाला ५०० ने भागल्यावरची बाकी रेप्लिकेट आणि भागाकार सिनॅरिओ. तीन सिनॅरिओ झाले की अडचण येते: अ‍ॅरेच्या कमाल आकाराचं मूळ सेटिंग १००१ आहे, क्रमांक १००० च्या पुढे गेला की एसबॅच अ‍ॅरेच नाकारतं. दोन जॉब करा.

तपासण्यासाठी निकालाच्या फाइलींची चेकसम तुलना करू नका. पहिलाच रुग्ण कुणाला न देता बरा झाला अशा धावा खरोखरच सारख्या असू शकतात. प्रत्येक लॉगच्या सुरुवातीला पहिल्या पाच यादृच्छिक संख्या छापा आणि त्यांची पुनरावृत्ती शोधा.

रांगेत अडकलेले

एसक्यू या रांग दाखवणाऱ्या आज्ञेच्या शेवटच्या रकान्यात कारण लिहिलेलं असतं. प्रायॉरिटी किंवा रिसोर्सेस असेल तर थांबा. क्यूओएस हा शब्द असलेलं कारण म्हणजे तुमची स्वतःची मर्यादा भरली, आणि पार्टिशन-टाइम-लिमिट म्हणजे त्या रांगेच्या कमाल वेळेपेक्षा जास्त मागितली, त्या जॉबची मागितलेली वेळ कमी करावी लागते किंवा तो रद्द करून पुन्हा लावावा लागतो. ७२ तास मागण्याची सवय सोडा. एसटीत एक सीट रिकामी असेल तर एकटा माणूस बसून जातो आणि आठ जणांचं कुटुंब स्टँडवर राहतं. शेड्यूलरही मोठ्या जॉबची वाट बघताना मधल्या फटीत छोटे, कमी वेळेचे जॉब बसवतो. खरे तीन तास लागत असतील तर चार मागा.

किरकोळ, पण रात्र खाणाऱ्या गोष्टी

विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट ओळींच्या शेवटांमुळे नाकारली जाते, डॉस-टू-युनिक्स चालवा. वेळ-मेमरी मागणाऱ्या एसबॅचच्या ओळी स्क्रिप्टमधल्या पहिल्या आज्ञेच्या खाली गेल्या तर त्या टिप्पणी म्हणून सोडून दिल्या जातात, चूक झाल्याचा संदेशही येत नाही. त्या ओळींत शेलची चलं चालत नाहीत, लॉगच्या नावात जॉब आणि टास्क क्रमांक हवे तर त्यासाठीची टक्केवाली चिन्हं वापरा. पॅकेजेस लॉगिन नोडवर (आपण जोडले जातो ते यंत्र) आधीच बसवा, कॉम्प्युट नोडला (जॉब चालतात ते यंत्र) बहुधा इंटरनेट नसतं. पण सिम्युलेशन लॉगिन नोडवर चालवू नका. एक तर सोलापूरहून जोडलेलं सत्र तुटलं की तेही संपतं, आणि प्रशासकाने खातं बंद केलं तर बोलायला जागा नाही. १८० सिम्युलेशन-दिवसांत रोज एक अशी फाइल लिहिली तर ५०० रेप्लिकेटच्या ९०,००० फाइली होतात, जागा उरूनही फाइल-संख्येचा कोटा संपतो. एक रेप्लिकेट, एक फाइल.

दोन चुका क्लस्टरच्या वाटतात, असतात मॉडेलच्या. संसर्गाची शक्यता दर गुणिले कालखंड अशी काढली की गर्दीच्या दिवशी ती १ च्या वर जाते, द्विपद वितरण एनए (उत्तर नाही) देतं आणि धाव नेमकी एकादशीला कोसळते. १ वजा ई चा उणे (दर गुणिले कालखंड) इतका घात हे सूत्र वापरा. आणि एकादशीचा दिवस क्रमांक कोडमध्ये गोठवू नका: २०२३ मध्ये ती २९ जूनला, म्हणजे वर्षाच्या १८० व्या दिवशी होती, २०२४ मध्ये १७ जुलैला, १९९ व्या दिवशी, २०२५ मध्ये ६ जुलैला, १८७ व्या. १८० दिवसांचं मॉडेल १ जानेवारीपासून चालवलं तर दोन वर्षांत वारी मॉडेलच्या बाहेरच राहते.

इतकं करूनही अडलं तर मदतकक्षाला लिहिताना जॉब क्रमांक आणि मेलेल्या दोन टास्कचे क्रमांक, एसअ‍ॅक्टची ओळ मजकूर म्हणून, एसबॅच स्क्रिप्ट आणि लॉगच्या शेवटच्या २० ओळी जोडा. यशस्वी झालेल्या एका टास्कची एसअ‍ॅक्टची ओळही सोबत द्या. मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो पाठवू नका, त्यातून क्रमांक कॉपी करता येत नाही.